किराणा मालाचे मोटारचालक, अमेरिकेतील
साखळी दुकानांच्या मध्यवर्ती कोठारांतून किंवा कारखान्यांतून किरकोळ दुकानांपर्यंत धान्य, डबाबंद पदार्थ, दूध, भाजीपाला इ. माल मालमोटारींनी पोहोचविणारा कामगारवर्ग. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या व्यवसायाचे स्वरूप रस्ते व वाहने यांच्याइतकेच कायदे व करार यांनी घडविले. मालाच्या चढउतारीत जाणाऱ्या वेळेचा मोबदला कोणी द्यावा, हा या व्यवसायातील जुना वादाचा प्रश्न आहे.

मेम्फिस येथे १९१६ मध्ये पिगली विगली हे स्वयंसेवा पद्धतीचे दुकान निघाले. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किंग कलन हे मोठे दुकान सुरू झाले. अशा दुकानांना मालाचा नियमित व मोठा पुरवठा लागे. १९३८ च्या सुमारास फ्रेडरिक जोन्स या तंत्रज्ञाने मालमोटारींसाठी यांत्रिक शीतनसंच तयार केला. त्यामुळे नाशवंत माल बर्फावाचून दूरवर नेणे शक्य झाले.

मोटारवाहतूक अधिनियमाने (१९३५) आंतरराज्य मालवाहतुकीचे परवाने, दर व चालकांचे कामाचे तास आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या कक्षेत आले. तथापि प्रक्रिया न केलेला शेतमाल आणि दुकानांच्या स्वतःच्या मालमोटारी यांना परवाने व दर यांच्या नियंत्रणातून सूट होती. परिणामी ताज्या भाज्या व डबाबंद भाज्या यांच्या वाहतुकीस वेगवेगळे नियम लागू पडत. १९३८ च्या श्रममान अधिनियमाने जादा कामासाठी दीडपट वेतन ठरविले. परंतु आयोगाच्या कक्षेतील चालक त्यातून वगळले गेले.

जिमी हॉफा यांच्या नेतृत्वाखालील टीमस्टर्स संघटनेने १९६४ मध्ये राष्ट्रव्यापी वेतनकरार घडवून आणला. १९८० च्या अधिनियमाने नियंत्रणे सैल झाली, स्पर्धा वाढली, संघटना दुर्बल झाली व चालकांचे वास्तव वेतन घटले. दूर पल्ल्याच्या पुष्कळ चालकांना मैलांनुसार वेतन मिळत असल्याने कोठारापुढे तिष्ठण्यातील वेळ बहुधा बिनमोबदल्याचा ठरतो. कोठारचालक ठरवील त्या हमालांकडून, स्वतः पैसे देऊन, माल उतरवून घेण्याची सक्ती चालकांवर होई. ती याच अधिनियमाने बेकायदा ठरविली. याउलट, साखळी दुकानांच्या स्वतःच्या ताफ्यांतील अनेक चालकांना तासांवर वेतन मिळते व ते रोज घरी परततात. मात्र दुकानात माल उतरविण्याचे कष्ट पुष्कळदा त्यांनाच करावे लागतात.

१९८६ च्या कायद्याने अवजड वाहनांच्या चालकांसाठी देशभर समान परवानापद्धती आणली. २००४ पासून कामाच्या सलग १४ तासांच्या अवधीत जास्तीत जास्त ११ तास वाहन चालविण्याची मर्यादा आहे. हे तास नोंदविणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे डिसेंबर २०१७ पासून बहुतेक चालकांना सक्तीची झाली. त्यामुळे प्रतीक्षेतील वेळ चालविण्याच्या वेळेतून, म्हणजेच कमाईतून, वजा होतो हे उघड झाले. कोविड-१९ च्या साथीत, मार्च २०२० मध्ये, दुकानांत अन्नसाठा तातडीने पोहोचविणाऱ्या चालकांसाठी ही कालमर्यादा देशभर शिथिल करण्यात आली. त्यांच्या कामाची निकड त्यावेळी सर्वमान्य झाली. प्रतीक्षेच्या मोबदल्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला.