रायफलची दुर्बीण आणि ‘आजीवन’ हमी

अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचे परवाने अनेक ठिकाणी सोडतीने दिले जातात. चांगल्या जंगलाचा परवाना हाती पडावा म्हणून काही जण वर्षानुवर्षे अर्ज करीत राहतात. परवाना मिळाल्यानंतरचा हंगाम मोजक्या दिवसांचा असतो आणि नेम धरण्याची संधी बहुधा एकदाच येते. नेमक्या त्या क्षणी रायफलवरील दुर्बीण आतून धुरकटलेली निघाली किंवा तिचे लक्ष्यचिन्ह जागेवरून सरकलेले असले, तर नेम चुकतो. त्याहून वाईट म्हणजे जनावर जखमी होऊन रानात निघून जाते. कंपनी पुढे विनामूल्य नवी दुर्बीण देते; मात्र हंगाम परत मिळत नाही.

रायफलवर बसविल्या जाणाऱ्या दुर्बिणीला ‘स्कोप’ म्हणतात. मध्यम किमतीचे स्कोप अमेरिकेत आज प्रामुख्याने ‘आजीवन हमी’च्या बळावर विकले जातात. ही हमी खरी असते आणि अनेक कंपन्या ती निष्ठेने पाळतात. तथापि हमी आणि विश्वासार्हता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही बाब खरेदीच्या वेळी सहज नजरेआड होते.

मध्यम किंमत म्हणजे किती?

अमेरिकी बाजारात साधारणपणे तीनशे ते हजार डॉलरपर्यंतचा स्कोप मध्यम किमतीचा समजला जातो. त्याखाली स्वस्त मालाचा पसारा आहे, तर वर जर्मन व ऑस्ट्रियन कारखान्यांच्या महागड्या दुर्बिणी आहेत. मधल्या पट्ट्यात ऑरेगॉन राज्यातील लूपोल्ड, विस्कॉन्सिनमधील व्होर्टेक्स, कोलोरॅडोतील बरिस आणि बुशनेल ही नावे परिचित आहेत.

नाव अमेरिकी असले, तरी माल अमेरिकेतच तयार होतो असे नाही. या पट्ट्यातील कित्येक दुर्बिणी जपान, फिलिपिन्स किंवा चीनमध्ये बनतात. जपानमधील लाइट ऑप्टिकल वर्क्ससारखा एकच कारखाना अनेक कंपन्यांसाठी माल तयार करतो. अशा वेळी कंपनीने काचेचा, यंत्रभागांचा आणि तपासणीचा कोणता दर्जा ठरवून दिला आहे, याला महत्त्व येते. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन दुर्बिणी म्हणूनच सारख्या ठरत नाहीत.

नळीच्या आतील नळी

स्कोपचा दर्जा ग्राहक बहुधा काचेवरून ठरवतो. दुकानात उभे राहून चित्र किती स्वच्छ दिसते, एवढेच तो पाहू शकतो. प्रत्यक्षात बिघाड होतो तो बहुतांशी यंत्रभागात.

स्कोपच्या बाहेरील नळीच्या आत आणखी एक लहान नळी असते. उलटी प्रतिमा सुलटी करणारी भिंगे तिच्यात बसवलेली असल्याने तिला इरेक्टर ट्यूब म्हणतात. ही नळी एका बाजूस सांध्यावर टेकलेली असते. दुसऱ्या बाजूस दोन स्क्रू तिला ढकलतात आणि समोरून एक स्प्रिंग तिला त्या स्क्रूंवर दाबून धरते. एक स्क्रू उंचीसाठी, दुसरा डाव्या-उजव्या सरकीसाठी. बाहेरून फिरवायच्या गोल बटणांना टरेट म्हणतात. टरेटचा प्रत्येक ‘क्लिक’ नेमाचा बिंदू ठरावीक अंतराने हलवतो. मिल पद्धतीच्या स्कोपमध्ये एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर १ सेंटिमीटर. पाव मिनिटाच्या स्कोपमध्ये १०० यार्डांवर जवळपास पाव इंच.

ही सारी रचना गोळीच्या प्रत्येक धक्क्याला तोंड देत असते. स्प्रिंग कमकुवत असेल, तर बटण फिरवूनही आतील नळी लगेच हलत नाही आणि दोन-तीन गोळ्यांच्या धक्क्यानंतर एकाएकी सरकते. सांध्यात ढिलेपणा आला, तर ‘झिरो’, म्हणजे रायफल आणि नेम यांचा जुळवलेला मेळ, टिकत नाही. कधी भिंग सैल होते, कधी लक्ष्यचिन्ह तिरके होते, तर कधी रबरी कडीतून वायू निसटून आत ओलावा शिरतो. चिन्ह उजळणारा दिवा असलेल्या स्कोपमध्ये विजेच्या मंडलाची भर पडते.

स्प्रिंगच्या बळावर चालणारी साधी एअर रायफल कित्येकदा मोठ्या रायफलपेक्षा स्कोपची अधिक हानी करते. बंदुकीचा धक्का मागच्या दिशेने बसतो, हे गृहीत धरून स्कोप बनवलेला असतो. एअर रायफलमधील पिस्टन पुढे जाऊन आदळतो, तेव्हा उलट्या दिशेचाही धक्का बसतो. त्यामुळे अशा रायफलसाठी स्कोप घेताना तो एअर रायफलसाठी योग्य असल्याचे कंपनीने स्पष्ट लिहिले आहे की नाही, हे पाहणे आवश्यक ठरते.

धुक्यावर मात

पूर्वी स्कोपची सर्वांत मोठी तक्रार धुरकटण्याची होती. लूपोल्ड ही कंपनी १९०७ मध्ये सुरू झाली ती भूमापनाची उपकरणे दुरुस्त करण्यासाठी. कंपनीच्या इतिहासात असे सांगितले जाते की, संस्थापकांच्या पुढील पिढीतील मार्कस लूपोल्ड यांचे हरीण स्कोप धुरकटल्यामुळे हातचे निसटले आणि याहून चांगला स्कोप आपणच बनवू, असे त्यांनी ठरवले. कंपनीचा पहिला स्कोप, ‘प्लेन्समन’, १९४७ मध्ये बाजारात आला. नळीतील दमट हवा काढून कोरडा नायट्रोजन भरण्याचे तंत्र लूपोल्डने रुजवले. आज नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला स्कोप ही मध्यम किमतीतील सर्वसाधारण बाब आहे.

मात्र बाहेरील काचेवर जमणारे दव आणि आतील धुके यांत फरक करायला हवा. थंड स्कोप उबदार खोलीत आणला की बाहेरील काच धुरकटणारच. ती कापडाने पुसता येते. पुसूनही न जाणारे धुके हा दोष होय.

हमीचे शब्द

अमेरिकेत लेखी हमीला १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याचा आधार आहे. या कायद्यानुसार लेखी हमी ‘पूर्ण’ आहे की ‘मर्यादित’, हे विक्रेत्याला स्पष्ट लिहावे लागते. पूर्ण हमीत दुरुस्ती वाजवी वेळेत आणि विनामूल्य करून द्यावी लागते. वाजवी प्रयत्नांनंतरही दोष गेला नाही, तर ग्राहकाला नवी वस्तू किंवा पैसे मागता येतात. हमीच्या मुदतीत वस्तू दुसऱ्याच्या हाती गेली, तरी संरक्षण कायम राहते.

‘आजीवन’ या शब्दाबाबत फेडरल ट्रेड कमिशनच्या मार्गदर्शक सूचना विशेष लक्षणीय आहेत. आयुष्य कोणाचे, हा त्यांतील प्रश्न. कोणाचे किंवा कशाचे आयुष्य अभिप्रेत आहे, ते जाहिरातीत उघड सांगितले पाहिजे, अशी अपेक्षा आहे. मोटारीच्या सायलेन्सरची ‘आजीवन’ हमी ही ग्राहकाकडे ती मोटार असेपर्यंतच असू शकते, हे त्यांतील उदाहरण.

स्कोपच्या कंपन्यांत या बाबतीत चुरस आहे. व्होर्टेक्सची हमी अमर्याद मुदतीची असून ती पुढील मालकालाही लागू होते आणि पावती मागितली जात नाही. अपघाताने झालेले नुकसानही तीत येते. चोरी, हरवणे, मुद्दाम केलेली मोडतोड आणि निव्वळ दिखाऊ ओरखडे वगळलेले आहेत. लूपोल्डच्या प्रमुख मालिकांनाही मूळ मालक आणि पावतीची अट नाही. बरिसने आपल्या हमीला ‘कायमची’ असे नाव दिले आहे. अन्यत्र हमी फक्त पहिल्या खरेदीदारापुरती असते किंवा विजेच्या भागांना वेगळी, कमी मुदत असते. जुना स्कोप विकत घेणाऱ्याने हा तपशील आधी वाचलेला बरा.

आयुष्य कोणाचे?

हमी देणारी कंपनीच राहिली नाही, तर ‘आजीवन’ शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. डेन्व्हरची रेडफिल्ड ही एकेकाळची नामांकित कंपनी. तिचा कारखाना १९९८ मध्ये बंद पडला. हे नाव पुढे हस्तांतरित होत २००८ मध्ये लूपोल्डकडे आले आणि त्या नावाने नवे स्कोप निघाले. मात्र डेन्व्हरमध्ये बनलेल्या जुन्या स्कोपच्या दुरुस्तीचा भार नव्या मालकाने उचलला नाही. टॅस्को या कंपनीचे दिवाळे २००२ मध्ये निघाले आणि तिचे नाव बुशनेलने घेतले. खोक्यावरील नाव तेच असले, तरी हमीमागील माणसे आणि पैसा बदललेला असू शकतो.

निकॉनचे उदाहरण वेगळे आहे. मध्यम किमतीत चांगले नाव असलेल्या या कंपनीने २०२० च्या सुमारास रायफल स्कोपचा व्यवसाय थांबवला. विकलेल्या मालाची हमी मात्र पाळली जाईल, असे सांगितले. अशा वेळी ग्राहकाला सेवा मिळते. पण तोच नमुना बदलून मिळण्याची शक्यता काळागणिक कमी होत जाते.

हमीमागील हिशेब

विनाअट बदलून देणे कंपन्यांना परवडते कसे? याचे उत्तर वापरात दडलेले आहे. बहुसंख्य स्कोप वर्षाकाठी मोजक्याच गोळ्यांचा धक्का सोसतात आणि उरलेला काळ कपाटात काढतात. त्यांतील दोष कधी उघडकीस येतच नाही. परत येणाऱ्या मालाचा खर्च विक्रीच्या किमतीत आधीच धरलेला असतो. साहजिकच उदार हमी कंपनीची नियत आणि आर्थिक ताकद दाखवते. स्कोप किती वेळा बिघडतो, हे ती दाखवत नाही. परत आलेल्या मालाचे प्रमाण कंपन्या सहसा जाहीर करीत नाहीत.

दोष रचनेतच असेल, तर बदलून घेण्यानेही प्रश्न सुटत नाही. इओटेकची होलोग्राफिक साइट हे स्कोपच्या जवळचे उपकरण. तीव्र थंडी, उष्णता आणि दमट हवेत तिचा नेम सरकतो, हे ठाऊक असूनही ती सरकारला विकल्याबद्दल तिच्या तत्कालीन मालक कंपनीने, एल-थ्री कम्युनिकेशन्सने, नोव्हेंबर २०१५ मध्ये अमेरिकी सरकारशी २ कोटी ५६ लाख डॉलरची तडजोड केली. खासगी ग्राहकांनाही पैसे परत करण्याची व्यवस्था करावी लागली. नवा नगही त्याच दोषाचा असेल, तर ग्राहकाला पैसे परत मिळणे हाच उपाय उरतो.

मैदानावरील परीक्षा

स्कोपची खरी परीक्षा हंगामापूर्वी मैदानावर होते. १०० मीटरवर उंच लक्ष्यफलक लावून त्यावर ओळंब्याने उभी रेघ आखावी. तळाशी नेम धरून काही गोळ्या झाडाव्यात. मग टरेट १० मिल वर घेऊन त्याच बिंदूवर नेम धरावा. गोळ्या बरोबर एक मीटर वर लागल्या पाहिजेत. त्या ९८ सेंटिमीटरवर लागल्या, तर चूक दोन टक्क्यांची. ६०० मीटरवर तीन मीटरची दुरुस्ती करावी लागत असेल, तर हीच चूक सहा सेंटिमीटर होते. गोळ्या रेघ सोडून एका बाजूस सरकत गेल्या, तर लक्ष्यचिन्ह तिरके आहे किंवा स्कोप तिरपा बसवला आहे.

दुसरी परीक्षा चौकोनाची. टरेट ठरावीक क्लिक वर, उजवीकडे, खाली आणि डावीकडे फिरवून प्रत्येक कोपऱ्यावर गोळ्या झाडाव्यात. नेम सर्व वेळ एकाच बिंदूवर ठेवावा. शेवटच्या गोळ्या पहिल्या गोळ्यांच्या जागी आल्या, तर यंत्र विश्वासाचे.

पाठवण्यापूर्वी

नेम सरकला की दोष स्कोपलाच दिला जातो. पुष्कळदा तो रायफलच्या ढिल्या स्क्रूंत, वाकड्या बसलेल्या रिंगांत किंवा बदललेल्या काडतुसांत असतो. रिंगा प्रमाणाबाहेर आवळल्या, तर नळीच दबते आणि आतील नळी अडकते. म्हणून टॉर्क रेंचने स्क्रू कंपनीने सांगितलेल्या मापाला आणावेत. शक्य असल्यास खात्रीचा दुसरा स्कोप त्याच रायफलवर लावून पाहावा. तरीही नेम सरकला, तर खोट अन्यत्र आहे.

दोष स्कोपचाच ठरला, तर त्याचे वर्णन नेमके लिहावे. ‘बिघडला आहे’ एवढे पुरेसे नाही. किती क्लिक फिरवले, गोळ्या कुठे लागल्या, हवामान कसे होते, हे लिहून फलकाचे छायाचित्र जोडावे. अनुक्रमांक टिपून ठेवावा. कारखान्यात असे स्कोप धक्का देणाऱ्या यंत्रावर तपासले जातात. लूपोल्डकडील यंत्राचे नावच ‘पनिशर’ आहे. नेमके वर्णन सोबत नसेल, तर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून स्कोप परत येण्याचा संभव असतो. अमेरिकेबाहेरील ग्राहकाला आणखी एक अडचण येते. रायफलचे स्कोप तेथील निर्यात नियंत्रणाखाली येतात. त्यामुळे टपालखर्च, सीमाशुल्क आणि परवान्यांची भर पडते आणि घराजवळ सेवाकेंद्र नसेल, तर आजीवन हमी कागदावरच राहते.

भारतीय नेमबाजांचे काय?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. ऑलिंपिकमधील रायफल प्रकारांत रायफलवर दुर्बीण चालत नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांचे २०१० मधील विश्वविजेतेपद आणि स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ मधील पॅरिसचे कांस्यपदक बारीक छिद्राच्या डायॉप्टर साइटने मिळवलेले आहे. नेमबाजाच्या शेजारी तिवईवर दिसणारी दुर्बीण फलक न्याहाळण्यासाठी असते. स्प्रिंगच्या एअर रायफलवर स्कोप लावणारे हौशी लोक मात्र येथेही आहेत आणि दुहेरी धक्क्याचा मुद्दा त्यांना थेट लागू होतो.

सारांश, मध्यम किमतीचा स्कोप घेताना हमीची मुदत शेवटी पाहावी. यंत्र नेम धरून ठेवते का, हमी कोणाला व कोणत्या भागांना लागू आहे आणि दुरुस्तीच्या काळात दुसरी सोय काय, हे आधी पाहावे. स्कोप हंगामाच्या तोंडावर न घेता काही महिने आधी घेऊन पुरेशा गोळ्या झाडून तपासला, तर हमीचा उपयोग वेळेवर होतो.