शाळकरी वक्ते आणि नागपूरचे व्यासपीठ

नागपूरच्या शाळांतून वक्तृत्वस्पर्धांचा हंगाम सुरू होतो तो ऑगस्टच्या पहिल्या तारखेस, लोकमान्यांच्या पुण्यतिथीपासून. आणि त्या दिवशी हार घातलेल्या तसबिरीशेजारी उभे राहून शेंगांच्या टरफलांची गोष्ट धडाधड म्हणून टाकणाऱ्या मुलाला हे कोणी सांगत नाही, की ज्या पुरुषाच्या गुणगानाबद्दल त्याला आज बक्षीस मिळावयाचे आहे, त्याच पुरुषाच्या पक्षाच्या सभेस जाऊन बसणे हा याच शहरातील त्याच्या वयाच्या मुलांसाठी एके काळी शाळेतून नाव कमी होण्याजोगा अपराध होता.

बोलण्याची कला नागपूरला परकी नव्हती. भोसल्यांच्या अमदानीत महालातील देवळांतून कीर्तनकार आणि पुराणिक रात्र रात्र श्रोत्यांना खिळवून ठेवीत. मात्र तेथे बोलणारा एक असे, आणि श्रोत्याने उठून प्रत्युत्तर करावे असा रिवाज नव्हता. १८५४ साली राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी ठरली, आणि कचेऱ्यांच्या पाठोपाठ वकील आले. स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ साली काढलेली मिशनची शाळा, १८८३ चे हिस्लॉप कॉलेज व १८८५ चे मॉरिस कॉलेज यांनी इंग्रजी विद्येचा पाया घातला हे खरेच. परंतु भर सभेत उभे कसे राहावे हे या भागाला प्राध्यापकांपेक्षा वकिलांनीच अधिक शिकवले, असे माझे मत आहे. विनोदाने सभा डोलवणारे अमरावतीचे दादासाहेब खापर्डे काय, किंवा शांतपणे मुद्दा मांडणारे यवतमाळचे बापूजी अणे काय, दोघेही मूळचे वकील. पुण्यात रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला उभी राहिली आणि तिथल्या वक्तृत्वाला विद्वत्तेचे वळण लागले. आमच्याकडच्या वक्तृत्वाला मात्र फिर्याद गुदरण्याची ढब आहे: आधी हकीकत, मग पुरावा, आणि शेवटी मागणी.

या ढबीचे आकर्षण मुलांना वाटू लागले नेमके त्याच सुमारास सरकारची दृष्टी तिकडे वळली. मे १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव हर्बर्ट रिस्ले यांचे ते कुप्रसिद्ध परिपत्रक निघाले. विद्यार्थ्यांनी राजकीय सभांत भाग घेऊ नये, आणि ज्या शाळा त्यांना आवरणार नाहीत त्यांचे अनुदान, शिष्यवृत्त्यांचा हक्क व विद्यापीठाची मान्यता धोक्यात येईल, असा त्याचा आशय होता. त्या वर्षीची राष्ट्रसभा नागपुरास भरावयाची होती; जहाल आणि मवाळ यांच्या तंट्यापायी स्वागतमंडळाच्या बैठकीतच रणकंदन माजले आणि अधिवेशन सुरतेस हलवावे लागले. अच्युतराव कोल्हटकरांचा ‘देशसेवक’ तेव्हा नागपुरातच छापला जात होता. अशा तापलेल्या हवेत नील सिटी हायस्कुलात तपासणीस आलेल्या इन्स्पेक्टरांचे स्वागत वर्गावर्गांतून ‘वंदे मातरम्’च्या घोषाने झाले, चौकशीचा ससेमिरा लागला, आणि त्या प्रकरणी शाळेला मुकलेल्यांत, पुढे राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन करणारे केशव बळीराम हेडगेवार हेही होते. दोन शब्दांचा एक घोष, आणि त्यावर एवढा बंदोबस्त!

शालेय वक्तृत्वाला जे नीतिपाठाचे रूप आले आणि आजही सुटलेले नाही, त्याचे मूळ मला या बंदोबस्तात दिसते. ‘परोपकार’, ‘वेळेचे महत्त्व’, ‘माझा आवडता संत’ हे विषय कोणा शिक्षकाच्या अरसिकतेतून जन्मले नसून अनुदानाच्या काळजीतून जन्मले असावेत. १९२० च्या नागपूर अधिवेशनाने सरकारी शाळांवर बहिष्काराचा ठराव केला, १९२३ साली झेंडा सत्याग्रह झाला व त्याच वर्षी विद्यापीठही आले. पण विषयांची यादी फारशी हलली नाही.

स्पर्धेचे तंत्रही असेच सावध आहे. “अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो” हा संबोधनाचा साचा. पाच मिनिटे, त्यातल्या चौथ्या मिनिटास सूचनेची एक घंटा. परीक्षकांपुढील कागदावर आशय, भाषा, उच्चार आणि हावभाव असे रकाने. आणि विजेत्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत वर्षभर टांगावयाची फिरती ढाल. भाषण बहुधा गुरुजींनी वा वडिलांनी लिहिलेले असते. मधले एखादे वाक्य निसटले की मूल छताकडे पाहते, ओठ हलवीत मागचे परिच्छेद मनात उजळते, आणि दुवा सापडताच दुप्पट वेगाने सुटते. परीक्षक हे जाणतात, तरी ‘हावभाव’ या रकान्यात आठ गुण देतात! ऐन वेळी चिठ्ठी उचलून बोलण्याची उत्स्फूर्त स्पर्धा पुष्कळ शाळा टाळतात, कारण तेथे मुलाचे स्वतःचे मत बाहेर पडण्याचा संभव असतो.

या शिस्तबद्ध प्रवाहाशेजारी नागपुरात दुसरा एक प्रवाह वाहत आला, त्याला घंटा नव्हती आणि ढालही नव्हती. ज्यांना शाळेच्या दारातच अडवले जाई, त्यांच्यासाठी किसन फागुजी बनसोडे यांनी छापखाना काढला, पत्रे चालवली. मे १९२० च्या अखेरीस शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली येथे बहिष्कृतांची परिषद भरली व तरुण आंबेडकर तीत बोलले. जुलै १९४२ च्या परिषदेच्या वेळी स्त्रियांचे वेगळे अधिवेशन झाले आणि त्याच्या अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. पुढे १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, धम्मदीक्षेसाठी नागपूरच का निवडले या आक्षेपाला बाबासाहेबांनी जे प्रदीर्घ मराठी भाषण करून उत्तर दिले, ते वकिली वक्तृत्वाचा या शहराने ऐकलेला सर्वोच्च नमुना मानावा लागेल. हकीकत, पुरावा आणि मागणी या तिन्ही गोष्टी त्यात आहेत, आणि आक्षेप घेणाऱ्याला श्रोता म्हणून समोर धरले आहे.

१४ एप्रिलच्या आगेमागे शहरातील वस्त्यावस्त्यांतून आता मुलामुलींच्या वक्तृत्वस्पर्धा होतात. तेथील बोलण्यात अजून फिर्यादीची धार आढळते. एखादी आठवीतली मुलगी आपल्याच मोहल्ल्यातल्या बंद पडलेल्या वाचनालयाचा दाखला देऊन समोर बसलेल्या पुढाऱ्यांना अडचणीत आणू शकते. मात्र तयार भाषणांच्या छापील पुस्तिका तेथेही पोहोचल्या आहेत, आणि संबोधनाचा साचा दोन्हीकडे एकच झाला आहे.