‘पण लक्षांत कोण घेतो?’ मधील यमू

हरिभाऊ आपटे यांनीं १८९० सालीं ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलें व त्यांतूनच ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. पुण्याकडील ब्राह्मण घरांतील एक विधवा आपली हकीकत सांगत आहे, अशी तिची मांडणी. लेखक पुरुष, बोलते ती यमू.

विधवाविवाहास कायद्याची मान्यता १८५६ सालींच मिळालेली होती. तो कायदा माजघरांत मात्र शिरला नाहीं. तेथें अंमल वडीलधाऱ्यांचा. सुनेनें मोठ्यानें हसूं नये, चारचौघांदेखत नवऱ्याशीं बोलूं नये, हातीं पुस्तक धरूं नये. आणि चुकल्यास टोचून बोलण्यांत पुष्कळदां बायकाच पुढें!

मुंबईस बिऱ्हाड झाल्यावर रघुनाथराव यमूला शिकवितात, मोकळेपणानें वागवितात. कादंबरींतील हा सुखाचा भाग. परंतु नीट पाहिलें तर तेथेंही देणारा पति व घेणारी पत्नीच. तिचें वाचन, तिचें हिंडणेंफिरणें, तिचा मान, सारें त्या एका माणसाच्या आयुष्यावर अवलंबून. तो जातो आणि थोड्याच काळांत तिच्या इच्छेविरुद्ध तिचें केशवपन होतें. शंकरमामंजींना त्यासाठीं कोणत्या कोर्टाचा हुकूम लागत नाहीं. घरांतला वडीलपणा पुरतो.

यमूची मैत्रीण दुर्गी हिचें दुःख निराळें. तिचा नवरा हयात होता. तिच्या वांट्यास आले ते हाल त्याच्याच हातचे.