परीक्षा कोणत्या भागाची?

विजापूरच्या बुरुजावरील मुलूखमैदान तोफ मूळची आपल्या नगरची. निजामशाहीत, १५४९ साली, मुहम्मद रूमी याने ती येथे ओतली. अशा एकसंध ओतीव तोफेचा एखादा भाग बाजूला काढून पारखण्याची सोय नसते. बार उडवून पाहणे हीच तिची परीक्षा. दोष असला तर तो गोलंदाजालाही घेऊन जावयाचा. पुढे यंत्रे सुट्या भागांची झाली, तेव्हा प्रत्येक भाग वेगळा पारखता येऊ लागला.

संगणकाच्या आज्ञावलीचा इतिहास याच वाटेने गेला आहे. चाचणीने दोष दिसतात, पण दोष नाहीत असे सिद्ध होत नाही, हे डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा याने १९६९ सालीच बजावले होते. १९९४ मध्ये केंट बेक याने स्मॉलटॉक भाषेसाठी आणि १९९७ मध्ये एरिक गामाच्या सोबतीने जावासाठी सुट्या भागांच्या चाचणीची साधने रचली. साधने आली; काय तपासावयाचे ही निवड मात्र माणसाकडेच राहिली.

ती चुकली म्हणजे काय होते? ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियान-५ अग्निबाण सुमारे चाळीस सेकंदांत चार उपग्रहांसह नष्ट झाला. त्याची दिशादर्शक आज्ञावली जुन्या एरियान-४ वरून घेतली होती. तिच्यातील सात राशी धोक्याच्या ठरल्या होत्या. चारांना संरक्षण मिळाले, तीन मर्यादा ओलांडणार नाहीत असे मानून सोडल्या. जुन्या बाणापुरते ते खरेही होते. नव्याचा आडवा वेग अधिक. तिघांपैकी एक राशी ३२,७६७ च्या पलीकडे गेली. नव्या मार्गाचे आकडे घालून त्या भागाची परीक्षा झालीच नव्हती.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा उसाचा हिशेब खातेवहीत होई. आज असले हिशेब संगणक करतो. अशा आज्ञावलीत बिलावर नाव ठळक उमटते की नाही, यासाठी चाचण्यांचा ढीग नको. वजावट बिलाहून जास्त झाली तर, हंगामात दर बदलला तर, वजन शून्य नोंदले गेले तर, येथे कसून परीक्षा हवी. त्यासाठी हिशेब आणि छपाई हे भाग रचतानाच वेगळे ठेवावे लागतात. ते एकत्र ओतले, की पुन्हा तोफच. आणि पहिला बार शेतकऱ्याच्या पैशावर.