दोन यमुना आणि वाचकाची तक्रार

प्रणयकथेच्या वाचकाची सर्वांत जुनी तक्रार शेवटाविषयी असते. नायिकेचा विवाह भलत्याशीच झाला, जुळत आलेले नाते लेखकाने विनाकारण तोडले, अशा स्वरूपाची ही तक्रार समीक्षा सहसा भाबडी ठरवून बाजूला सारते. मराठी कादंबरीच्या आरंभकाळाकडे पाहिले असता मात्र तिची वेगळी बाजू ध्यानात येते. कथेचा शेवट कसा व्हावा हा प्रश्न तेथे विवाहसंस्थेच्या प्रश्नाशी जखडलेला आहे.

नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’च्या (१८६८) प्रस्तावनेत याची कबुलीच दिली आहे. आपल्या लोकांतील विवाहाची रीत व अन्य कारणे यांमुळे नित्याच्या जीवनात चित्तवेधक असे काही सापडत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. बालपणीच लग्न लागणाऱ्या समाजात अनुनय आणि निवड यांना अवकाशच नव्हता. त्यामुळे प्रीती अद्भुतरम्य प्रदेशात गेली आणि संकटपरंपरेनंतरचे मीलन हा तिच्या शेवटाचा रूढ संकेत ठरला. वाचकाचे समाधान झाले, परंतु ते त्याच्या घराबाहेरचे होते.

या संकेताच्या दोन्ही बाजूंना दोन यमुना उभ्या आहेत. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला. पुढल्याच वर्षी बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’मधील यमुना वैधव्यानंतर ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते. वाचकाला हवा तो शेवट येथे मिळतो; मात्र त्याची किंमत म्हणून नायिकेला आपला समाज सोडावा लागतो. कायद्याने दिलेली मोकळीक स्वसमाजात राहून उपभोगता येत नाही, हे त्या सुखान्ताने नकळत मान्य केले आहे.

दुसरी यमुना हरि नारायण आपटे यांची. ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली व १८९३ मध्ये ग्रंथरूप झाली. येथे विवाह कथेच्या अखेरीस नाही, आरंभाकडे आहे. प्रीती लग्नानंतर, पतीच्या साहचर्यात आणि अक्षरओळखीच्या निमित्ताने वाढते. हे नाते वाचकाला आठवड्यामागून आठवडे जवळचे होत जाते आणि मग तुटते. पतीचा मृत्यू, सक्तीचे केशवपन आणि अखेर यमूचा अंत. कायदा होऊन तीन तपे उलटली असताना यमूला दुसरे आयुष्य का मिळू नये, असा प्रश्न वाचकाच्या मनात उठल्यावाचून राहत नाही. कादंबरी क्रमशः येत असतानाच, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. त्यावरून पुण्यात पेटलेला वाद पाहता या शेवटाचा रोख कोणाकडे होता, हे स्पष्ट होते.

वाचकाच्या अपेक्षेचे काय करायचे, या प्रश्नाला विसाव्या शतकातील चित्रकथांनी निराळे उत्तर दिले. अमेरिकेत १९४७ मध्ये जो सायमन व जॅक कर्बी यांच्या ‘यंग रोमान्स’पासून प्रणयचित्रकथांची लाट आली. १९५४ च्या व्यावसायिक संहितेने अशा कथांत घराचे मोल व विवाहाचे पावित्र्य ठसवावे असा दंडक घातला. शेवट आधीच ठरला आणि नाती त्याच्या मापाने कापली गेली. ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून (१९६४–१९९०) मराठी वाचकाला भेटलेल्या वेताळाची तऱ्हा याहून वेगळी. १९३६ मध्ये सुरू झालेल्या मूळ मालिकेत त्याचा डायनाशी विवाह १९७७ मध्ये झाला. एक्केचाळीस वर्षे शेवट लांबवणे हाच तेथे मालिका चालवण्याचा मार्ग होता.

दंडक आणि दिरंगाई या दोन्ही उपायांनी वाचकाची अस्वस्थता विक्रीयोग्य होते. आपट्यांनी ती तशीच राहू दिली. यमूला वाचवणे लेखणीला अवघड नव्हते. पदमनजींनी ते केलेही होते. परंतु तसे केले असते तर तक्रार पुस्तकाबरोबरच मिटली असती. ती लेखकाकडून समाजाकडे वळावी, म्हणून शेवट असा असह्य ठेवला गेला. शीर्षकातील उद्गारच मुळी वाचकाला उद्देशून आहे: तक्रार करणाऱ्याने आधी लक्षात घ्यावे, ही त्याची मागणी आहे.