सायंकाळचे सहा

मद्यविक्री अजिबात बंद करणे हा एक मार्ग आणि ती कोणत्या वेळेत व्हावी हे कायद्याने ठरविणे हा दुसरा. दुसरा मार्ग सौम्य वाटतो, परंतु त्याचे परिणाम किती दूरवर पोचतात ह्याची साक्ष ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड ह्या देशांच्या इतिहासात मिळते. तेथे जवळजवळ अर्धशतक मद्यगृहांचे दरवाजे सायंकाळी सहाच्या ठोक्याला बंद होत असत.

ह्या निर्बंधाची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. मजुरी घरी पोचण्यापूर्वीच गुत्त्यात रिती होते, हे दुःख तेथील स्त्रियांनी प्रत्यक्ष सोसले होते. ख्रिस्ती स्त्रियांच्या मद्यविरोधी संघटनेने ह्या दुःखाला वाचा फोडली. मताचा अधिकार मिळाल्यावाचून कायदा बदलणार नाही, हे ओळखून त्याच संघटनेने स्त्रियांच्या मताधिकारासाठीही झुंज दिली. १८९३ मध्ये न्यूझीलंडमध्ये आणि १८९४ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात तो अधिकार मिळाला. इतर दुकाने सायंकाळी बंद होतात, मग दारूच्या दुकानालाच रात्रीची सवलत का, हा त्यांचा प्रश्न साधा पण बिनतोड होता.

पहिल्या महायुद्धाने ह्या मागणीला बळ दिले. तरुण रणांगणावर प्राण वेचीत असता घरी राहिलेल्यांनी थोडा संयम पाळू नये काय, ही भावना प्रबळ झाली. दक्षिण ऑस्ट्रेलियात मार्च १९१५ मध्ये सार्वमत होऊन सहा ही वेळ मान्य झाली व पुढील वर्षी ती अमलात आली. न्यू साउथ वेल्समध्ये तोवर रात्री अकरापर्यंत विक्री चाले. फेब्रुवारी १९१६ मध्ये सिडनीजवळील लिव्हरपूल येथील छावणीतील सैनिक कवायतीचे तास वाढविल्यामुळे खवळले. त्यांनी मद्यगृहे लुटली व आगगाड्यांनी सिडनी गाठून दंगल केली. स्टेशनवरील गोळीबारात एक सैनिक ठार झाला. ह्या प्रकाराने हादरलेल्या जनतेने जूनमधील सार्वमतात सहाच्याच बाजूने कौल दिला. व्हिक्टोरिया व टास्मानिया ह्यांनी त्याच वर्षी आणि न्यूझीलंडने १९१७ मध्ये हाच मार्ग पत्करला. क्वीन्सलंडने मात्र पुढे १९२३ मध्ये आठ ही वेळ ठरविली. एकाच देशात सीमेपलीकडे कायद्याचे घड्याळ निराळे चालू लागले.

पुरुष जेवणाच्या वेळी घरी यावा, हा कायद्याचा हेतू होता. परंतु कामगारांची सुट्टी होई पाचच्या सुमारास. हाती उरलेल्या एका तासात जमेल तितकी पिऊन घेण्याची अहमहमिका लागे. लोकांनी तिला ‘सिक्स ओक्लॉक स्विल’, म्हणजे सहाची ढोसाढोस, असे नाव ठेवले. मद्यगृहांचे रूपही पालटले. गर्दीला जागा व्हावी म्हणून बिलियर्डची टेबले निघाली, बाके गेली, भिंतींना सहज धुता येणाऱ्या फरशा बसल्या. पेले भराभर भरण्यासाठी नळ्यांचा उपयोग होऊ लागला. गप्पागोष्टींचे स्थान निव्वळ पिण्याचे ठिकाण बनले. चित्रकार जॉन ब्रॅक ह्याने १९५४ मधील ‘द बार’ ह्या चित्रात ही उदास गर्दी कायमची टिपून ठेवली आहे. सहानंतर चोरट्या विक्रीलाही ऊत येई.

हे सारे दिसत असूनही लोक ती वेळ सोडण्यास लवकर तयार झाले नाहीत, हे विशेष. न्यू साउथ वेल्सने १९४७ मध्ये, न्यूझीलंडने १९४९ मध्ये आणि व्हिक्टोरियाने १९५६ मध्ये सार्वमताने सहाचाच निर्बंध कायम राखला. त्याला केवळ हटवाद म्हणता येणार नाही. नशेत का होईना, पण घरधनी सहानंतर घराकडे वळतो, एवढा दिलासाही अनेक कुटुंबांना मोलाचा वाटत असला पाहिजे.

टास्मानियाने १९३७ मध्येच हा निर्बंध सोडला होता. न्यू साउथ वेल्समध्ये न्यायमूर्ती मॅक्सवेल ह्यांच्या चौकशी आयोगाने मद्यगृहांतील परिस्थितीवर कठोर टीका केली. १९५४ मध्ये अल्प मताधिक्याने रात्री दहा ही वेळ संमत होऊन १९५५ पासून ती लागू झाली. व्हिक्टोरियात १९६६ मध्ये आणि न्यूझीलंड व दक्षिण ऑस्ट्रेलिया येथे १९६७ मध्ये सहाचा अंमल संपला. ज्या प्रांताने आरंभ केला, तोच ऑस्ट्रेलियात शेवटी बाहेर पडला.

तथापि प्रश्न मिटला नाही. रात्रीच्या मारहाणीमुळे २०१४ मध्ये सिडनीच्या मध्यभागात दीडनंतर नव्या गिऱ्हाइकास प्रवेश आणि तीननंतर मद्य देणे बंद करण्यात आले. व्यवसाय बुडाल्याची ओरड झाली आणि २०२० व २०२१ मध्ये हे निर्बंधही उठले. विक्रीची वेळ कायद्याला ठरविता येते. परंतु त्या वेळेत माणूस कसा वागेल, हे कामाची सुट्टी, बसण्याची जागा आणि घरची ओढ ह्यांवरही अवलंबून असते. ह्या गोष्टींचा विचार न करता केलेला नियम ज्यांच्या रक्षणासाठी असतो, त्यांनाच पुष्कळदा त्याची किंमत मोजावी लागते.