गोवा पावडर, तरोटा आणि काकीची ट्यूब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा मजकूर. बोलताना घाईत जे सुटलं, ते इथे थोडं भरून घेतलंय.

सुरुवात घरातून करतो. माझी काकी लाखांदूर तालुक्यात राहते. धानाची शेती आहे. मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा ती सारखी कमरेशी पदर ओढून घेत होती. विचारलं तर आधी सांगेना, मग हळूच म्हणाली, "गजकर्ण झालं रे बापा. दोन वर्सं झाले. ट्यूब लावली तं थांबते, सोडली तं पुन्हा येते." ट्यूब दाखव म्हटलं, तर डब्यातून चार-पाच रिकाम्या ट्यूब काढल्या. सगळ्या मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय घेतलेल्या. आणि मग हसत म्हणाली, "आमची बुडी तरोट्याच्या बिया वाटून लावे. तेच बरं होतं का?"

या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, कारण मला ते येत नव्हतं. हा एपिसोड त्यातूनच निघाला.

आपला भंडारा जिल्हा म्हणजे तलाव, बोड्या आणि धान. रोवणीच्या दिवसांत बाया सकाळपासून गुडघाभर चिखलात वाकून असतात. लुगडं ओलं, परकराचा नाडा ओला, पायाच्या बोटांच्या बेचक्या ओल्या. बुरशीला याहून जास्त काय पाहिजे? बोटांत चिखल्या होतात, कमरेला आणि जांघेत गजकर्ण. घरोघरी उपाय ठरलेले असतात : बोटांच्या बेचक्यांत मेंदी भरायची, भेगांना टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल लावायचं, करंजाचं तेल चोळायचं. आणि गजकर्णाला तरोटा.

तरोटा तुम्ही पाहिलाच आहे. पश्चिम महाराष्ट्रात त्याला टाकळा म्हणतात. पहिल्या पावसात बांधावर, रस्त्याकडेला उगवतो, कोवळ्या पानांची भाजी होते. संस्कृतात त्याचं नाव चक्रमर्द. चक्र म्हणजे तेच, कातडीवर उठणारं गोल. दुसरं नाव दद्रुघ्न, दाद मारणारा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला तिसरा अध्याय कातडीवर लावायच्या लेपांचा आहे, आणि त्यातल्या अगदी पहिल्या यादीत बहावा, करंज, अडुळसा, गुळवेल, हळद यांच्यासोबत तरोटाही आहे, एडगज या नावानं. म्हणजे काकीची आजी जे वाटत होती, ते फार जुनं होतं. पण जुनं आहे म्हणजे लागू पडतं, असं मी म्हणणार नाही. तो मुद्दा सुटायला मला गोव्याला जावं लागलं. तेही एकोणिसाव्या शतकातल्या.

१८६० च्या दशकात मुंबईच्या औषधांच्या दुकानांत एक पिवळसर भुकटी महागात विकली जायची. नाव : गोवा पावडर. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये कालवून गजकर्णावर लावायची. गुण येतो अशी ख्याती होती. पण ती कशाची बनते हे मुंबईत कोणाला माहीत नव्हतं. केम्प नावाच्या मुंबईतल्या औषधविक्रेत्यानं १८६४ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं, आणि इंग्रज डॉक्टर तिच्यामागे लागले. १८७४ मध्ये जोसेफ फेअरर यांनी लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात तिची माहिती दिली. ती वाचून ब्राझीलमधल्या बाहियाचे डॉक्टर दा सिल्वा लिमा म्हणाले, अहो, ही तर आमची अरारोबा! बाहियाच्या जंगलातल्या एका मोठ्या झाडाच्या खोडात, लाकडाच्या फटींत ही भुकटी साठते. पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्यात आली, तिथून मुंबईत, आणि वाटेत तिचं गावच बदललं.

भुकटी गरीब नव्हती, बरं का. लाकूड फोडताना ती डोळ्यांत गेली की डोळे सुजायचे. कातडीची आग व्हायची, कपड्यांवर न जाणारे जांभळट-तपकिरी डाग पडायचे. आज कोणी 'नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही' असं म्हटलं की मला गोवा पावडर आठवते. ती पूर्ण नॅचरल होती. थेट झाडातून.

१८७५ मध्ये अ‍ॅटफील्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं तिच्यात क्रायसोफॅनिक अ‍ॅसिड असल्याचं सांगितलं. तीन वर्षांनी लीबरमान आणि सायडलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी दुरुस्ती केली : मुळात असतं ते क्रायसारोबिन, हवा लागून त्याचं क्रायसोफॅनिक अ‍ॅसिड होतं. सोरायसिसवरही ते वापरलं जाऊ लागलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत त्याची नक्कल म्हणून डायथ्रानॉल बनवलं गेलं, आणि सोरायसिसवर ते नंतर कितीतरी दशकं वापरात राहिलं.

आता मला थक्क करणारी गोष्ट. १९७५ मध्ये आचार्य आणि चॅटर्जी या संशोधकांनी तरोट्याच्या बियांमधला बुरशी मारणारा मुख्य घटक वेगळा काढला. तो निघाला क्रायसोफॅनिक अ‍ॅसिड अँथ्रोन. क्रायसारोबिनमधला मुख्य पदार्थ तोच! ब्राझीलच्या जंगलातून आलेली, मुंबईत महागात विकली जाणारी भुकटी आणि लाखांदूरच्या बांधावर फुकट उगवणारा तरोटा, दोघांच्या पोटात एकच औषध.

म्हणजे आजी बरोबर होती? अर्धी. प्रयोगशाळेच्या काचेत बुरशी मरणं वेगळं आणि चिखलात दहा तास उभ्या असलेल्या बाईच्या कमरेवर मरणं वेगळं. कोणत्या मूठभर बियांत औषध किती, हे वाटणाऱ्याला कळत नाही. शिवाय हा पदार्थ हवेत बदलत जातो. मेंदीचंही तसंच. तिच्या रंगद्रव्यात बुरशीविरोधी गुण आहे, पण म्हणून पसरलेलं गजकर्ण मेंदीनं जाईल असं धरून बसू नका.

मातीतलं औषध मात्र खरंच निघालं, फक्त झाडातून नाही. १९५० मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी व्हर्जिनियातल्या एका शेताच्या मातीतल्या जिवाणूपासून निस्टॅटिन शोधलं. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत, नमुने बरण्यांत भरून पोस्टानं एकमेकींकडे जायचे. नाव पडलं न्यूयॉर्क स्टेटवरून. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, आणि तिथे एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटानं त्याच कुळातलं हॅमायसिन काढलं. ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. कंपनीचं नाव औषधात, गावाचं नाव जिवाणूत. तिथूनच पुढे ऑरिओफंजिन आलं, ते पिकांवरच्या बुरशीसाठी. शाळेच्या पुस्तकात हे का नसतं, मला कळत नाही.

निस्टॅटिनचा एक किस्सा इथेच सांगतो, कारण तुमच्यातले खूप जण इन्स्टावरच्या 'यीस्ट डिटॉक्स'बद्दल विचारतात. थकवा, डोकेदुखी, उदासी, सगळ्याचं मूळ पोटातली कँडिडा, म्हणून साखर बंद करा आणि अमुक कॅप्सूल घ्या. ही कल्पना अमेरिकेत विल्यम क्रूक यांच्या १९८३ च्या पुस्तकानं घरोघरी पोचवली. १९९० मध्ये एक नीट चाचणी झाली. असा त्रास सांगणाऱ्या ४२ बायांना आळीपाळीनं निस्टॅटिन आणि नुसती खोटी गोळी दिली. योनीमार्गातली खाज-जळजळ निस्टॅटिननं कमी झाली, पण थकवा-उदासी वगैरेंत खोट्या गोळीपेक्षा फरक पडला नाही. खरं औषध जिथे चाललं नाही, तिथे लसणाची कॅप्सूल चालेल, या भरवशावर पैसे घालवायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

आता काकीच्या ट्यूबकडे. मी त्यांचे फोटो काढून नागपूरच्या एका त्वचारोगतज्ज्ञ मैत्रिणीला पाठवले. तिचा लगेच फोन आला. चारांपैकी तीन ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोल होतं. हे जोरदार स्टेरॉइड. लालपणा आणि खाज एक-दोन दिवसांत बसते, कारण कातडीची लढाईच थांबते. बुरशी आत आरामात वाढत राहते. गजकर्णाचं गोल पुसट होऊन पसरतं, कातडी पातळ होते. खाज थांबली म्हणजे आजार गेला, असं आपल्याला वाटतं, आणि ट्यूब नेमकी तेवढंच करते.

हे एकट्या काकीचं नाही. गेल्या दहाएक वर्षांत देशभर हट्टी गजकर्णाची लाट आली आहे, आणि अशी मिश्र मलमं हे तिचं एक मोठं कारण मानलं जातं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. काकीच्या ट्यूब त्यानंतरच्या. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी या बुरशीला वेगळं नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. तिच्यातल्या बऱ्याच वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध चालत नाही. नावात इंडिया आहे, आणि यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही.

काकीला आम्ही नागपूरला नेलं. स्टेरॉइड बंद केल्यावर पहिले काही दिवस खाज एवढी भडकली, की ती मला फोनवर रागावली, "तूच बिघडवलं." पोटातली गोळी, साधं मलम, तेही कडेच्या बाहेर दोन बोटं जास्त लावायचं, कपडे वेगळे धुवून कडक उन्हात वाळवायचे, आणि घरात ज्याला-ज्याला खाज आहे त्या सगळ्यांवर एकदम उपचार. काकांनी कबूल करायला तीन आठवडे घेतले. त्यांनाही होतंच.

तरोट्याचं काय, हे तिनं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, काकी, भाजी कर. तिनं केली, भरपूर लसूण घालून. गोळ्या संपल्या आहेत, मलम अजून सुरू आहे. पऱ्हे टाकून झालेत आणि पुढच्या आठवड्यात रोवणी. या वर्षी ती दुपारच्या सुट्टीत बदलायला कोरडा परकर पिशवीत घालून नेणार आहे. बांधावर बदलायचा कुठे, हा प्रश्न मात्र तिनं मला विचारला आणि मी पुन्हा गप्प बसलो.